नणंदेने पाळलेले जंतू

आमच्या वन्सं घरी आल्या की पर्स खाली ठेवायच्या आधी मोरीत जात. पाण्याच्या पिंपात आतल्या बाजूने एक बोट फिरवत आणि ते माझ्यासमोर धरत. "वहिनी, बघा." मी काय बघणार? ओलं बोट. "दिसणार नाही, पण लागेल," असं म्हणून त्या मलाही बोट फिरवायला लावत, आणि खरंच बोटाला बुळबुळ लागायची. लग्न होऊन आले तेव्हा मी लाजेने अर्धमेली व्हायचे. पुढे पुढे म्हणायला लागले, "वन्सं, तुम्ही येणार म्हणून मुद्दाम राखून ठेवलीय." त्यावरही त्या हसत नसत. हसण्याच्या बाबतीत त्यांचा हात आखडताच होता.

गल्लीतली पोरं त्यांना बुळबुळताई म्हणायची. नाव चपखल होतं, कारण या बाईने जन्मभर बुळबुळच अभ्यासली. जंतू म्हणजे पाण्यात एकेकटे तरंगणारे ठिपके, असं आपण समजतो. वन्सं म्हणायच्या, तरंगणारे जंतू म्हणजे बाजारात निघालेली माणसं. त्यांचा खरा संसार असतो तो कुठेतरी चिकटून. जागा मिळाली की चिकटायचं, अंगातून डिंकासारखं काहीतरी सोडायचं, आणि त्या डिंकाच्या आत सगळ्यांनी मिळून राहायचं. त्या थराला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. सकाळी दातांवर जीभ फिरवली की लागतो तो हाच. नळाच्या पाइपात तोच, दुधाच्या कारखान्यातल्या नळ्यांत तोच, आणि माणसाच्या शरीरात डॉक्टरांनी काही बाहेरचं बसवलं की त्याच्यावरही तोच.

"एकदा बसले की हलत नाहीत. औषधालाही दाद देत नाहीत," वन्सं एकदा जेवताना सांगत होत्या.

"म्हणजे पाहुण्यांसारखे," माझा नवरा म्हणाला.

"पाहुणे कधीतरी जातात. भाडेकरूंसारखे म्हणा," मी म्हणाले.

तो माझा नवरा म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यामुळे वन्संनीच त्याला वाढवला, आणि वाढवला तो आपल्या अगदी उलटा. वन्संच्या साडीची घडी मोडायची नाही आणि याच्या सदऱ्यावर पाच रंगांचे शिंतोडे. वन्सं विद्यापीठाच्या लॅबमध्ये, आणि हा रंगारी. उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. "ताईने घरातली सगळी अक्कल आधीच खर्च केली, मला उरलंसुरलं मिळालं," असं तो कोणालाही सांगायचा. वन्संनी लग्न केलं नाही. लॅबच्या मागे एका खोलीत राहायच्या. खोलीत पुस्तकं, एक कॉट, आणि इतकी स्वच्छता की तिथे बसायचीही भीती वाटायची.

मग तो परांचीवरून पडला.

मरणातून वाचला असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले, लोकांसमोर. हात चालत होते, तोंड तर अखंड चालत होतं, पण छातीखालचं सगळं शरीर मुकं झालं. लघवीसाठी कायमची नळी आली. रबरासारखी मऊ नळी, आत फुगा, बाहेर पिशवी. दवाखान्यातल्या सिस्टरने मला सगळं शिकवलं आणि म्हणाली, "याने काही त्रास नाही, फक्त स्वच्छता ठेवा." स्वच्छता मी ठेवली. माझ्या हातांची सालं निघाली तरी ठेवली. आणि तरीही ती नळी दर थोड्या दिवसांनी तुंबायची.

तुंबली की त्याला खाली काहीच कळायचं नाही, पण कपाळावर दरदरून घाम फुटायचा आणि डोकं फुटेल असं दुखायचं. मी पिशवी बघायचे. पिशवी रिकामी. मग धावाधाव, रिक्षा, दवाखाना, नळी बदलणं. जुनी नळी बाहेर आली की तिच्या तोंडाशी पांढरा खडू भरलेला असायचा. नंतर थंडी, ताप, इंजेक्शनं. ताप उतरायचा, आम्ही घरी यायचो, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"रिपोर्टात तर लिहिलंय या औषधाने जंतू मरतात," मी एकदा वन्संवर ओरडले. दुसऱ्या कोणावर ओरडणार? "मग मरत का नाहीत?"

"मरतात ना. लघवीत तरंगणारे मरतात. लॅबवाले तेच तपासतात," वन्सं म्हणाल्या. "नळीच्या आत जे थर करून बसलेत त्यांच्यापर्यंत औषध पुरेसं पोचत नाही. आणि पोचलं तरी आतले जंतू झोपल्यासारखे पडून असतात, झोपलेल्याला त्या औषधाचं काही होत नाही. ताप उतरला की तेच उठतात."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ती गत होती. आणि या विशिष्ट जंतूंची आणखी एक खोड. ते लघवीचा गुणच पालटून टाकतात, आणि मग तिच्यातले क्षार नळीत गोठून बसतात. तोच तो खडू. दर तापाबरोबर मूत्रपिंडांचा थोडा थोडा भाग जात होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, हे असंच चालू राहिलं तर मूत्रपिंडं फार काळ साथ देणार नाहीत. म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव त्या एका नळीवर होता. ती वाहती राहिली तर तो राहणार.

वन्सं तोवर पाण्याच्या पाइपांवर काम करत होत्या. ते त्यांनी सोडून दिलं आणि नळ्या हातात घेतल्या. का, ते कधी बोलल्या नाहीत. आम्हीही विचारलं नाही. नळीला आतून-बाहेरून असा काही लेप द्यायचा की जंतूंना बूड टेकायलाच जागा मिळू नये, हे त्यांनी मनावर घेतलं.

"ताई, शेवटी तूही रंगारीच झालीस," नवरा म्हणाला. "मी भिंती रंगवल्या, तू नळ्या रंगव."

"तुझ्यापेक्षा बरा रंग देईन. अंगावर सांडणार नाही," वन्सं म्हणाल्या. हा त्यांचा विनोद. वर्षाकाठी एखादा व्हायचा.

वर्षं गेली. एकदा त्यांनी मला लॅबमध्ये नेलं. मला वाटलं होतं काहीतरी झगमगीत असेल. तर एक लांबट खोली, ओट्यावर काचेची भांडी, आणि मांस शिजल्यासारखा एक वास. मध्ये काचेची दोन मूत्राशयं होती, दुहेरी भिंतीची, त्या भिंतींमधून कोमट पाणी फिरत होतं. पंपाने वरून थेंब थेंब लघवी पडत होती. खरी नाही, क्षार मोजून बनवलेली. दोन्हींत नळ्या बसवलेल्या, एक साधी, एक लेपवाली. साधी माझ्या डोळ्यांदेखत पांढरी पडत आली होती. लेपवाली स्वच्छ वाहत होती. मी तिथे उभी राहून त्या वाहण्याकडे बघत बसले. शेजारणीच्या घरी दागिना बघावा तसं बघितलं मी ते.

जंतू कुठून आणता, असं मी विचारलं. मग वन्संनी एक झाकणाची चपटी काचेची ताटली काढली. त्यांच्या मोठ्या सरांनी फार पूर्वी एका रुग्णाच्या नळीतून हे जंतू मिळवले होते. तेव्हा लॅबचा फ्रीझर भरवशाचा नव्हता, म्हणून सरांनी सवय लावली होती: दर आठवड्याला जुन्या ताटलीतून उचलून नव्या ताटलीत लावायचे. आपण घरात विरजणाला विरजण चालवतो तसं. सर निवृत्त झाले, फ्रीझर नवा आला, पण वन्संनी ती सवय मोडली नाही. सुटीच्या दिवशीही जाऊन त्या जंतूंना नवं अन्न देऊन यायच्या. ताटली धरून त्या मला दाखवत होत्या, "हे बघा, हे असे पसरट, ओघळलेले दिसतात ना, ते घ्यायचे नाहीत. हे कडेचे, गोल, सुटे, नीटनेटके ठिपके. हे उचलायचे. म्हणजे मिसळ होत नाही." लॅबमधल्या सगळ्यांत सुंदर ताटल्या वन्संच्या, असं तिथली एक मुलगी मला म्हणाली. मला त्याचं नवल वाटलं नाही.

लेपावरचा त्यांचा निबंध छापून आला. कुठल्या कुठल्या देशांतून पत्रं आली. नळ्या बनवणारी एक कंपनी दारात आली. दवाखान्यात मोजक्या रुग्णांवर वापरून बघायला परवानगीही मिळायच्या बेतात होती. आमच्या घरी तर दिवाळं निघालेल्याला लॉटरी लागावी तसं झालं. नवरा येईल त्याला सांगायचा, "माझ्या ताईने माझ्यासाठी नळी केलीय."

"पहिली मलाच घाल," तो वन्संना म्हणाला. तेव्हा त्याला दोन तापांमध्ये श्वास घ्यायलाही फुरसत मिळत नव्हती. अंगावर सूज यायला लागली होती.

"आधी एक गोष्ट करते. तुझेच जंतू घेऊन काचेत लावून बघते," वन्सं म्हणाल्या.

"कशाला?" मी मध्ये पडले. "जगाला नळी द्यायला निघालात, आणि भावाच्या वेळी तपासण्या?"

"भाऊ आहे म्हणूनच, वहिनी."

पुढच्या वेळी नळी बदलली तेव्हा जुनी नळी वन्सं एका बरणीत घालून घेऊन गेल्या. जाताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. उलट नव्या साडीची घडी मोडायला निघावं तसा चेहरा होता.

त्यानंतर बरेच दिवस त्या आल्या नाहीत. फोन केला तर "काम आहे" एवढंच. आल्या तेव्हा मोरीकडे गेल्या नाहीत. सरळ भावाच्या कॉटपाशी खुर्ची ओढून बसल्या.

"तुंबली," त्या म्हणाल्या.

"कुठली?" नवऱ्याने विचारलं.

"दोन्ही. साधी आणि लेपवाली. जवळजवळ एकदमच."

आधी त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. पुन्हा लावून बघितलं. मग दवाखान्यातून दुसऱ्या रुग्णांच्या नळ्या आणून लावल्या. त्याही तुंबल्या. शेवटी मोठ्या सरांनी सुरुवातीला दुसऱ्या एका संस्थेत ठेवायला दिलेली जंतूंची मूळ कुपी त्यांनी मागवली. बर्फात जशीच्या तशी राहिलेली, म्हणजे वन्संच्या ताटलीतल्या जंतूंचे खापरपणजोबा. त्या खापरपणजोबांनीही लेपवाली नळी बुजवून टाकली. लेपावर आधी लघवीतल्या क्षारांचा पातळ पापुद्रा धरायचा, आणि जंतू त्या पापुद्र्यावर बसायचे. लेपाला त्यांचा स्पर्शही होत नव्हता.

मग इतकी वर्षं काचेत नळी वाहत का राहिली? कारण वन्संच्या ताटलीतले जंतू चिकटायचं जवळजवळ विसरले होते; साध्या नळीवर कसेबसे बसायचे, लेपावर तेवढंही जमायचं नाही. दर आठवड्याला ताजं अन्न समोर येतंय, मग डिंक काढायची आणि घर बांधायची गरज कोणाला? आणि जे पसरायचे, ओघळायचे, बुळबुळ करायचे, त्यांना वन्सं स्वतःच्या हाताने दर वेळी बाजूला ठेवत होत्या. गोल आणि नीटनेटके तेवढेच पुढे नेत होत्या. म्हणजे बुळबुळीवर संशोधन करणाऱ्या बाईने इतकी वर्षं निवडून निवडून बुळबुळ न करणारे जंतू पाळले होते. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा त्यांचा लेप त्या आळशांमध्ये शहाणा ठरला होता.

"मला घाण आवडत नाही," वन्सं म्हणाल्या. "म्हणून झालं हे."

मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मग नवरा म्हणाला, "म्हणजे ओल्या भिंतीवर रंग दिलास, ताई." आणि हसला. हसताना त्याचे ओठ कोरडे होते आणि डोळे माझ्याकडे होते. मी उठून ओट्याशी गेले आणि उगीचच भांडी विसळायला घेतली.

लॅबमधल्या वरिष्ठांनी वन्संना समजावलं. निबंध छापून आलाय, कंपनी तयार आहे, आता कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? लेपात थोडा फेरफार करा, हळूहळू सुधारा, तोंडाने बोलू नका. वन्संनी सगळीकडे कळवलं की माझा लेप खऱ्या जंतूंवर चालत नाही आणि माझी चूक कुठे झाली ती अशी. कंपनी गेली. दवाखान्यातला प्रयोग रद्द झाला. लॅबमधली त्यांची अर्धी जागा काढून दुसऱ्याला दिली.

"तरीही घाल मला," नवऱ्याने एकदा धरून बसवलं त्यांना. ताप होता, पण शुद्धीत होता. "थोडी जरी उशिरा तुंबली तरी चालेल."

"उशिरा तुंबत नाही रे. आणि लेप खरवडून आत सुटतो की काय, तेही मला आता खात्रीने सांगता येत नाही."

"वन्सं, मन राखायला तरी घाला," मी म्हणाले. "त्याला आशा तरी राहील."

"वहिनी, नळी बदलायला उशीर कराल तुम्ही. ही चांगली आहे, राहू दे अजून एक दिवस, असं वाटेल तुम्हाला. मला वाटलं असतं."

मी त्यांना म्हणाले, तुमच्या खरेपणाला काय चाटायचंय आम्ही? तुम्ही खोटं बोलला असतात तर चाललं असतं मला. असं बरंच बोलले. नणंदेला भावजयीने बोलू नये ते सगळं बोलले, आणि तो पडल्या पडल्या "अगं, पुरे," म्हणत राहिला. वन्सं ऐकून घेत होत्या. उलटून एक शब्द नाही. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. लॅब सुटली की यायच्या, भावाला पाणी पाजायच्या, पिशवीला हात लावून गरम आहे का, भरतेय का बघायच्या. शास्त्रातलं एवढंच उरलं होतं करण्यासारखं: भरपूर पाणी पाजा आणि नळी तुंबायच्या आत बदला. आम्ही केलं. मूत्रपिंडं आधीच गेली होती. एका तापात जंतू रक्तात उतरले आणि तो ताप उतरला नाही. शेवटी तो मला "अगं" म्हणाला आणि वन्संना "ताई", आणि पुढे काय म्हणायचं होतं ते राहून गेलं.

तो गेल्यावर मी त्याच्या वस्तू देऊन टाकल्या. ब्रश, पुट्टीच्या पात्या त्याच्या जोडीदाराला दिल्या. सदरे दिले. चाकाची खुर्ची दवाखान्याला दिली. घरात त्याचं काही उरू नये असं मला झालं होतं. आणि मग लॅबमधली ती मुलगी रस्त्यात भेटली, आणि तिच्या बोलण्यातून मला कळलं की वन्संनी माझ्या नवऱ्याचे जंतू फ्रीझरमध्ये ठेवलेत. शंभर कुप्या भरून. दर प्रयोगाला नवी कुपी फोडतात. दुसऱ्या लॅबसुद्धा मागून नेतात, इतके ते चिवट आहेत.

मी तशीच लॅबमध्ये गेले. दार उघडून आत गेले आणि म्हणाले, "मारून टाका ते."

वन्सं ओट्याशी उभ्या होत्या. त्यांना कसले जंतू हे विचारावं लागलं नाही.

"माझा माणूस राहिला नाही, आणि ज्यांनी त्याला खाल्लं त्यांना तुम्ही अन्नपाणी घालताय? उकळत्या पाण्यात टाका. माझ्यासमोर टाका."

"टाकते," त्या म्हणाल्या. "पण मग नवा लेप कशावर लावून बघू, ते सांगा. पुन्हा गरीब जंतू आणू? पुन्हा कोणाच्या तरी घरी जाऊन नळी केलीय म्हणून सांगू?"

त्यांच्यासमोर काचेचं एकच मूत्राशय चालू होतं आता, दुसरं काढून नेलं होतं. त्यात नळी होती, कुठल्याशा नव्या लेपाची. मी हात पुढे केला, का ते माहीत नाही, आणि काचेवर ठेवला. काच कोमट होती. ताप नसलेल्या दिवशी माझ्या नवऱ्याचं अंग असंच लागायचं हाताला. तसे दिवस शेवटी शेवटी फार थोडे होते.

"किती टिकलीय ही?" मी विचारलं.

वन्संनी खालच्या बाटलीकडे बघितलं. थेंब यायचे थांबले होते. काचेत लघवी चढत होती. ते दृश्य मला नवीन नव्हतं, माझ्या कपाळावर घाम आला. वन्संनी पंप बंद केला, नळी बाहेर काढली आणि पात्याने उभी चिरली. आत खडू भरला होता.

"हीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या, आणि तोंडावर हात न घेता, हातमोजे घातलेले दोन्ही हात अंगापासून लांब धरून, त्या रडायला लागल्या. भावाला पोचवलं तेव्हाही रडल्या नव्हत्या.

मी त्यांना रडू दिलं. मग ओट्यावरची दुसरी नळी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.